व्हिम सजवायला बसलात? रात्र गेली समजा!

व्हिम या टेक्स्ट एडिटरमधून बाहेर कसं पडायचं? हसू नका. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा हा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता! उत्तर: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. केलेले बदल मात्र गेले.

एस्केप सारखं दाबावं लागतं त्याचं खापर एका जुन्या टर्मिनलवर. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कलीत व्हिमचा पूर्वज 'व्हीआय' लिहिला तो एडीएम-३ए वर. त्यावर एस्केप होतं आजच्या टॅबच्या जागी, अगदी बोटाखाली. बाणांची वेगळी बटणंच नव्हती. बाण छापले होते एच, जे, के, एल या अक्षरांवर. व्हिममध्ये कर्सर आजही त्यांनीच हलतो. टिल्ड आणि 'होम' एकाच बटणावर होते, म्हणून युनिक्समध्ये टिल्ड म्हणजे होम फोल्डर. आणि जीमेलचे शॉर्टकट चालू करून पाहा, तिथेही जे-के हजर!

ब्रॅम मोलेनार यांचा व्हिम १९९१ मध्ये आला, तोही अमिगा संगणकावर. किंमत शून्य, आवडला तर युगांडातल्या मुलांना मदत करा, एवढीच विनंती. ती व्हिम उघडताच पडद्यावर दिसते.

आता प्लगइन, म्हणजे व्हिमला वरून जोडायच्या सोयी. एके काळी सगळ्यांच्या फाइली एकाच फोल्डरात कोंबायच्या. एखादं नकोसं झालं की कुठली फाइल कोणाची, शोधत बसा. टिम पोप यांच्या पॅथोजेननं प्रत्येकाला स्वतंत्र फोल्डर दिलं. मग व्हंडल आलं, व्हिम-प्लग आलं, आणि २०१६ च्या व्हिम ८ मध्ये तर ही सोय आतच आली. पोप यांचंच गिटसाठीचं 'फ्युजिटिव्ह' म्हणजे फरारी: इतकं भारी की बेकायदा ठरावं, म्हणून हे नाव! माझं विचाराल तर फाइलींचं झाड दाखवणारं नर्डट्री, फ्युजिटिव्ह आणि आणखी दोन-तीन, बास. पन्नास प्लगइनवाला कोड कमी लिहितो, सेटिंग जास्त.

खरी जादू केली ती लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलनं. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील, तर पूर्वी दोनशे जोडण्या लागायच्या. आता तीस पुरतात. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं रेड हॅट आणि कोडेन्व्हीला सोबत घेऊन हा प्रोटोकॉल खुला केला. त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्याच व्हीएस कोड या एडिटरसारखी चूक दाखवणं, नाव पुरं करणं व्हिममध्येही जमतं. व्हिमपासूनच निघालेल्या निओव्हिममध्ये तर २०२१ पासून ते अंगभूत आहे.

व्हीएस कोडची गंमत वेगळीच. तो उभा आहे इलेक्ट्रॉनवर, आणि इलेक्ट्रॉन जन्माला आलं गिटहबच्या ॲटम या एडिटरसाठी. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये गिटहबच विकत घेतलं. डिसेंबर २०२२ मध्ये ॲटमचा गाशा गुंडाळला गेला.

सेटिंग करताना डोकं फिरलं तर व्हिममध्ये कोलन, हेल्प आणि उद्गारचिन्ह टाइप करा. 'घाबरू नका' असा एरर येतो, क्रमांकासकट! मदतपुस्तिकेत कंटाळलेल्या वापरकर्त्यासाठीही एक नोंद आहे: एकच बटण ४२ वेळा दाबलं की ही घटना घडते. पुढच्याच वाक्यात खुलासा: गंमत केली.