परभाषेची लय

पैनगंगेच्या काठच्या देऊळघाटासारख्या गावी, जेथे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा मुलांच्या कानी पडतात, इंग्रजीचा धडा वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे शब्द बिनचूक असूनही परदेशी श्रोत्याला त्याची लय अपरिचित वाटावी, याचे कारण त्याच्या बुद्धीत किंवा परिश्रमात नसून मातृभाषेने जडविलेल्या कालमापनाच्या सवयीत आहे, आणि हा खुलासा त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे मला अगत्याचे वाटते.

मराठीत आघाताने सहसा शब्दाचा अर्थ पालटत नाही, आणि उच्चारलेला स्वर आपले रूप बहुधा पूर्ण राखतो. अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चरणांत तर लघुगुरूंचा भेदही गळून पडतो. छंदाच्या या स्वरूपाचा ऊहापोह माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त केलेला आहे. इंग्रजीचा शिरस्ता निराळा. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या अक्षरावर असलेला आघात ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर सरकतो, आणि आघाताला मुकलेली अक्षरे इतकी आखूड व अस्फुट होतात की कानाला जवळजवळ ‘फटॉग्रफी’ ऐकू येते. आपला विद्यार्थी मात्र चारही अक्षरांना पुरता स्वर देतो. सेऊलच्या विद्यार्थ्याचीही अडचण याच जातीची आहे: त्याच्या भाषेत शब्दागणिक असा आघात नाही, शिवाय जोडव्यंजने तो स्वर घालून सोडवितो, त्यामुळे इंग्रजीत एका दमात उच्चारला जाणारा ‘स्ट्राइक’ त्याच्या भाषेत पाच अक्षरांचा होतो. ‘इस्कूल’ ऐकलेल्या वऱ्हाडी माणसाला याचे नवल वाटणार नाही.

केनेथ पाइक यांनी 1945 साली आघाताची लय आणि अक्षराची लय असा भेद मांडला. परंतु आघाताआघातांतील अंतर समान असते, हे गृहीत यंत्राच्या मोजणीत टिकले नाही. लय ही अक्षरांच्या घडणीतून आणि स्वरांच्या आखूडपणातून निर्माण होते, असे आर. एम. डाउअर यांनी 1983 मध्ये प्रतिपादिले, तर 2000 साली लो, ग्राबे व नोलन यांनी लागोपाठच्या स्वरांच्या लांबीतील तफावत मोजून सिंगापूरच्या इंग्रजीत ती ब्रिटिश इंग्रजीपेक्षा कमी असल्याचे दाखविले.

ओघ हा मात्र वेगळा मामला आहे. उत्स्फूर्त बोलण्यातील विराम विचारांच्या जुळणीशी निगडित असतात, हे फ्रीडा गोल्डमन-आइस्लर यांच्या संशोधनातून पुढे आले. तेव्हा गावच्या शिक्षकाने वेग मोजण्याऐवजी विद्यार्थी कोठे थांबतो ते ऐकावे, ‘इन द मार्केट’ हा तुकडा ‘द’पाशी तुटतो की सलग उमटतो, याकडे कान द्यावा, आणि तो सलग उमटत असेल तर अक्षरांच्या सारख्या लांबीपायी त्याचे गुण कापू नयेत.