दातांचा दवाखाना आणि साथीचे दिवस

दाताचा डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये जेमतेम वीतभर अंतर असते. इतर डॉक्टर रोग्याला तोंड बाजूला वळवायला सांगू शकतात. येथे तोंड उघडल्याशिवाय कामच सुरू होत नाही. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही जगभरची साथ असल्याचे जाहीर केले, २५ मार्चपासून आपल्या देशात टाळेबंदी आली, आणि बहुतेक दंतवैद्यांनी असह्य ठणका, सूज, रक्तस्राव एवढ्यापुरतेच दार उघडे ठेवले. पुष्कळांना तो भित्रेपणा वाटला. तो भित्रेपणा नव्हता, हे समजण्यासाठी त्या खोलीतील एका यंत्राकडे पाहिले पाहिजे.

दात कोरण्याचे हे यंत्र हवेच्या दाबावर फिरते. १९५७ साली जॉन बोर्डन या अमेरिकन दंतवैद्याने ते प्रचारात आणले आणि रोग्यांचे हाल फार कमी झाले. मिनिटाला ३ लाखांच्या आसपास फेरे! एवढ्या वेगाने दात तापतो, म्हणून त्यावर पाण्याचा फवारा सोडावा लागतो. हे पाणी, लाळ आणि असेल तर रक्त यांचे तुषार उडतात. मोठे थेंब डॉक्टरच्या चष्म्यावर नि रोग्याच्या छातीवर पडतात. अगदी बारीक कण मात्र रोगी उठून गेल्यावरही खोलीत तरंगत राहतात. कोविडचा विषाणू लाळेत असतो, आणि ज्याला ताप नाही, खोकला नाही अशाच्याही लाळेत असू शकतो. तेव्हा दारात कपाळावर तापमापक रोखून सगळे कळते असे नाही.

आम्ही सूतगिरणीच्या कामगारांत वर्षानुवर्षे वावरलो आहोत. तेथे कापसाच्या धुळीचा प्रश्न निघाला की मालक आधी मुखपट्ट्यांचे गठ्ठे मागवतो, कारण त्या स्वस्त पडतात. कामगारांचे म्हणणे असते, धूळ जेथे उठते तेथेच ती ओढून घ्या. दवाखान्याचा न्यायही हाच आहे. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणला की दुखरा दात तेवढा वर राहतो आणि लाळ पडद्याखाली राहते. ही युक्ती १८६४ सालची, पण वेळ मोडतो म्हणून अनेक जण ती टाळतात. दुसरी गोष्ट, जाड तोंडाची जोरदार नळी. गालात अडकवलेली बारीक नळी थुंकी ओढते. तुषार ओढायला मोठीच नळी लागते, आणि ती दाताजवळ धरायला दुसरा माणूस लागतो. तिसरी गोष्ट हवा. भिंतीवरचा साधा एसी खोलीतली तीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. त्यापेक्षा उघडी खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बरा. एन-९५ मुखपट्टी हवीच; पण ती शेवटची फळी आहे, आणि चेहऱ्यावर घट्ट बसली नाही तर कडेने हवा शिरतेच.

आता नळी धरणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाकडे वळू. बहुधा ती एक बाई असते. हत्यारे घासणे, पुसणे, पिशवीत बंद करणे, वाफेच्या यंत्रात घालणे, सुया पांढऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत टाकणे, हे सारे तिच्याकडे. वाफेचे यंत्र म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ. नुसत्या उकळत्या पाण्याला न जुमानणारे चिवट बीजाणू १२१ अंशांच्या दाबाखालच्या वाफेत मरतात. पिशवीतल्या हत्यारांना तेथे साधारण अर्धा तास लागतो, वर सुकण्याचा वेळ वेगळा. धुण्यापासून धरले तर एक घाणा निघायला तास सहज जातो. कोरणीची मूठही दर रोग्यानंतर या वाफेतून गेली पाहिजे. म्हणजे ज्या दवाखान्यात अशा मुठी दोनच आणि तासाला रोगी चार, तेथे काय होत असेल ते गणिताने सांगता येते. बाईला दोष देऊन ते गणित बदलत नाही. मुठी वाढवा, नाहीतर रोगी कमी घ्या.

मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. त्या अमलात आणायच्या तर प्रत्येक रोग्यामागे वेळ आणि खर्च वाढतो. तो कोणी सोसायचा? डॉक्टरने फी वाढवली तर आपण कुरकुरतो. न वाढवता भागवले तर कात्री बाईच्या पगाराला लागते. एक-दोन माणसांचा दवाखाना कामगार विमा योजनेच्या कक्षेत सहसा येत नाही. ती आजारी पडली तर रजेचा पगार मालकाच्या मर्जीवर. कावीळ-बी वरची लस तीन टोचण्यांची; डॉक्टरने स्वतः घेतलेली असते, बाईला दिली आहे का, हे आम्ही विचारतो तेव्हा पुष्कळदा उत्तरच येत नाही.

खुर्चीवर बसल्यावर हत्यारांची पिशवी तुमच्यासमोर फोडायला सांगा. तिच्यावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. पण तो रंग उष्णता पोचली एवढेच सांगतो. जंतू मेले की नाही हे पाहायला आठवड्यातून एकदा बीजाणूंची पट्टी यंत्रात घालून तपासावी लागते. शेवटची तपासणी कधी झाली, हे वहीत लिहिलेले असते, आणि ती वही बहुधा बाईच्या कप्प्यात असते.