वेळापत्रक लिहिणारे हात

रमजानचा चाँद दिसण्याआधी आठ-दहा दिवस किराणा दुकानात, मेडिकलमध्ये, मशिदीच्या दाराशी एक छोटे कार्ड मिळू लागते. एका बाजूला दुकानाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला सहेरी आणि इफ्तारच्या वेळा. इस्लामी वर्ष चंद्राचे, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि तक्ता दरवर्षी नवा करावा लागतो. त्यात एक आकडा चुकला तर अख्ख्या मोहल्ल्याचा रोजा वेळेआधी सुटायचा.

आमच्या गावात हे कार्ड वर्षानुवर्षे एकच माणूस करतो. सगळे त्यांना कातिबचाचा म्हणतात. कातिब म्हणजे छपाईसाठी हाताने मजकूर लिहून देणारा. मराठी पुस्तके शिशाचे खिळे जुळवून छापली जात, त्या काळातही उर्दू वर्तमानपत्राचे पानच्या पान हातानेच लिहिले जाई.

याचे कारण नस्तालीक लिपी. शेजारी कोण बसले आहे ते पाहून यात अक्षर रूप बदलते आणि शब्द जिना उतरल्यासारखा उजवीकडून डावीकडे खाली येतो. खिळ्यांना ती ऐट कधी साधली नाही. कातिब बोरूचे टोक तिरके कापतो. त्या टोकाने उमटलेला ठिपका हेच त्याचे माप. अलिफ किती ठिपके उंच, बे किती ठिपके लांब, हे हातात बसेपर्यंत चाचांच्या उस्तादांनी त्यांच्याकडून दोन वर्षे नुसती सुटी अक्षरे गिरवून घेतली. शिळाछापात तर दगडावर उलट्या अक्षरांत दुरुस्ती करणारा वेगळा कारागीर असे, त्याला संगसाज म्हणत.

हे सगळे बदलले तेही एका कातिब घराण्यातल्या माणसामुळे. मिर्झा अहमद जमील मूळचे दिल्लीचे. चित्रकला शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि फाळणीनंतर कराचीत त्यांनी छपाईचा व्यवसाय केला. चिनी लिपी छापणारे मोनोटाइप कंपनीचे यंत्र पाहून त्यांच्या डोक्यात आले, की सुटी अक्षरे जुळवत बसण्यापेक्षा जोडून येणारे अक्षरसमूहच अखंड साठवले तर? मग त्यांनी सुमारे २०,००० जोडाकृती काढल्या. १९८१ मध्ये त्या संगणकावर आल्या. वडील नूर अहमद यांच्या नावावरून त्या अक्षरवळणाला 'नूरी नस्तालीक' म्हणतात. त्याच वर्षी लाहोरचा 'जंग' त्यात छापून निघाला. पुढे १९९४ मध्ये भारतात तयार झालेले 'इनपेज' आले आणि गावोगावच्या छापखान्यांत पोचले.

आज उर्दू पाटी, पत्रिका, वर्तमानपत्र पाहा, बहुतेक ठिकाणी हेच वळण दिसते. मला यातली एक गोष्ट टोचते. एका कातिबाच्या हाताने इतर कातिबांची रोजी गेली. चाचा ज्या साप्ताहिकात बसत, तिथे तीन कातिबांच्या जागी एक ऑपरेटर आला. एकाने पानटपरी टाकली. दुसऱ्याचे काय झाले, हे चाचा सांगत नाहीत. स्वतः त्यांनी दीड वर्ष दुकानांच्या पाट्या रंगवल्या.

मग भाच्याच्या जुन्या संगणकावर, पन्नाशीच्या आसपास, माऊस धरायला शिकले. "बोरू दाबला की जाड होतो, हा कितीही दाबा, काही होत नाही," ही त्यांची पहिली तक्रार. आज लग्नपत्रिका, जलशाचे बॅनर, गणेशमंडळाचे फ्लेक्स, सगळे त्यांच्याकडे येते. एकदा फ्लेक्सवाल्याच्या मशीनवर फॉन्ट नव्हता. जलशाच्या बॅनरवरच्या सगळ्या अक्षरांची जोडणी तुटली आणि एका रात्रीत ते पुन्हा करावे लागले. तेव्हापासून अक्षरांचे कर्व्ह केल्याशिवाय फाइल बाहेर जात नाही. दोन अक्षरांमधली जागा मात्र ते आजही डोळ्यानेच ठरवतात. संगणकाने ठेवलेले अंतर त्यांना क्वचितच पटते, देवनागरीतसुद्धा.

संगणकाने एक नवे भय आणले आहे. पूर्वी तक्ता कोऱ्या कागदावर सुरू व्हायचा. आता मागच्या वर्षीची फाइल उघडतात आणि वेळा बदलतात. एखादी ओळ जुनीच राहिली तर? म्हणून छपाईआधी असरची नमाज झाली की चाचा हातात कागद घेऊन एकेक वेळ मोठ्याने वाचतात आणि नात पडद्यावर बोट ठेवून "बरोबर" म्हणत जाते. तीस रोजे, साठ वेळा. यंदा सतराव्या रोजाला ती थांबली. मिनिटाचा आकडा मागच्या वर्षीचा निघाला.

कार्डाच्या माथ्यावरचे 'रमजान मुबारक' मात्र टाइप केलेले नसते. ते चाचा बोरूने लिहितात आणि स्कॅन करतात. दरवर्षी नव्याने.