जेलीची गोळी शाकाहारी आहे का? पुड्यावर आधी हे बघा

निलंगा तालुक्यातल्या आमच्या एका नातेवाइकांकडे दिवाळीला आखातातून पोरगा आला. येताना लेकरांसाठी रंगीबेरंगी, मऊ जेलीच्या गोळ्यांचा पुडा आणला. माळकरी आजीनं "खाऊन बघ" म्हटल्यावर एक गोळी तोंडात टाकली. नंतर नातीनं पुड्याचा मोबाईलवर फोटो काढून मागचं वाचलं, तर त्यात जिलेटिन, तेही जनावरांचं. आजी दोन दिवस नीट जेवली नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण गळ्यात माळ असलेल्या माणसाला ते सांगून पटत नाही.

आपल्याकडे वारकरी, लिंगायत, जैन अशी कितीतरी घरं शाकाहारी आहेत. म्हणून गोळ्या-चॉकलेट घेताना काय बघायचं, ते आज सोप्या भाषेत बघू.

सगळ्यात आधी जिलेटिन. जनावरांची कातडी आणि हाडं यांच्यावर प्रक्रिया करून हा पदार्थ निघतो. पाण्यात विरघळतो आणि गार झाला की थिजतो, म्हणून मऊ गोळ्या, जेली आणि मार्शमेलोमध्ये तो टाकतात. औषधाच्या कॅप्सूलचं कवचही बहुतेक वेळा त्याचंच असतं. सगळी जेली अशीच असते असं मात्र नाही. पेक्टिन फळांच्या सालीतून निघतं. आगर, म्हणजे आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो, ते समुद्री शेवाळाचं. काही गोळ्या नुसत्या स्टार्चवर घट्ट करतात. या तिन्हीत जनावराचं काही नाही. म्हणजे नाव जेली असलं तरी आतलं काय, ते घटकांच्या यादीतच कळतं.

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद खाण्यावर खूण असणं २००१ पासून बंधनकारक आहे. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी खूण आधी तपकिरी ठिपका होती, पण रंग नीट न ओळखता येणाऱ्यांची पंचाईत व्हायची. म्हणून २०२० च्या नियमांनी ती बदलून तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण केला. आता रंग नाही कळला तरी आकारावरून कळतं. आपल्या कायद्यात अंडंही मांसाहारात धरलं आहे, त्यामुळं अंड्याच्या केकवर त्रिकोणच हवा.

अडचण किराणा दुकानात येते. एक-दोन रुपयांच्या गोळीचा कागद इवलासा, त्यावर घटकांची पूर्ण यादी मावत नाही. म्हणून छोट्या वेष्टनाला यादीतून सूट आहे, ती मोठ्या पाकिटावर किंवा बरणीवर असते. दुकानदाराला म्हणा, "भाऊ, बरणी जरा इकडं फिरवा." ओळखीचा असेल तर हसेल, पण दाखवील.

बाहेरदेशातून आलेल्या सामानावर आपला हिरवा ठिपका नसतो, तिथं घोळ होतो. लोकांचा समज आहे की हलाल लिहिलं म्हणजे आपल्यालाही चालतं. तसं नाही. हलाल म्हणजे डुकराचं नाही, पण गाई-बैलाचं किंवा माशाचं जिलेटिन असू शकतं. तिकडं 'शाकाहारी' छापलेल्या वस्तूतही अंडं असू शकतं. पुडा अरबीत किंवा जर्मनमध्ये असेल तर गुगल लेन्स उघडा, यादीवर कॅमेरा धरा आणि मराठीत वाचा. आजीच्या हातात पुडा देण्याआधी एवढं केलं असतं तर बरं झालं असतं.

हिरवा ठिपका असूनही काहींना प्रश्न पडतो तो चकाकीचा. बटणासारख्या चॉकलेटवरची चमक बऱ्याचदा शेलॅकची, म्हणजे लाखेची असते. बांगड्यांना वापरतात तीच लाख, पळस-बोरावरच्या किड्याची. यादीत ती ९०४ या आकड्यानं येते. आपल्या नियमांत दूध, मध, मेण आणि शेलॅक यांना मांसाहारातून वगळलं आहे. म्हणून ठिपका हिरवाच राहतो. कडक पाळणाऱ्यांनी हे बघून काय ते आपलं ठरवावं.

व्हॉट्सॲपवर "साखर हाडाच्या कोळशानं पांढरी करतात" असा मेसेज फिरतो. काही देशांतल्या रिफायनरीत ते होतं. आपल्याकडच्या कारखान्यांत रस साफ करायला बहुतेक ठिकाणी चुना आणि गंधकाचा धूर वापरतात. लातूरच्या ऊस उत्पादकाला हे नव्यानं सांगायला नको!

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या किंवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या मिठाईला काय म्हणावं? रेवड्या, बत्तासे, साखरफुटाणे, गुडीशेव, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की यांत साखर-गूळ, तीळ, चणे, पीठ, तेल-तूप. जिलेटिनाचा संबंध नाही. पेढा-बर्फी खव्याची. फक्त चांदीचा वर्ख असेल तर विचारा. जुन्या पद्धतीनं तो जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांत ठेवून कुटत. आता यंत्रावरही बनतो. सुट्या बेकरीच्या मालाला खूण नसते, तिथं "अंडं आहे का?" एवढं थेट विचारायचं.

डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की प्राण्यापासून आलेला घटक कितीही थोडा असला तरी तो दडवून हिरवा ठिपका लावता येणार नाही. ग्राहकाला ते कळण्याचा हक्क आहे. तेव्हा पाकिटावर खूणच नाही, किंवा ठिपका हिरवा आणि यादीत जिलेटिन असं काही दिसलं तर पाकीट फेकू नका. बिल आणि पाकिटाचा फोटो ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांकही सोबत सांगा, त्यावरून माल कुणाचा हे त्यांना शोधता येतं.