फडताळातले डबे आणि एक वही

पांढुर्ण्याची गोटमार आटोपली आणि सौंसरकडे महालक्ष्म्यांची लगबग सुरू झाली, की आमच्याकडील गृहिणींचा दिवस चुलीपाशीच मावळतो. पुरण, आंबील, सोळा भाज्या. आणि सर्वांची पाने उठल्यावर तिसऱ्या प्रहरी त्या माउलीचे जेवण. तोवर पोटात चहाखेरीज काही नसते.

आमच्या वहिनींना आम्ही ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून चिडवीत असू. रात्री सारे निजल्यावर त्या फडताळातील डबे उघडून चव कळेनाशी होईपर्यंत खात, आणि दुसऱ्या दिवशी पश्चात्तापाने उपवास धरीत, हे आम्हांस फार उशिरा कळले. थट्टेची लाज त्याहूनही उशिरा वाटली.

हा जिभेचा चोचला नव्हे, विकार आहे. अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली त्याचे वर्णन केले. २०१३ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. आठवड्यातून निदान एकदा, असे तीन महिने खाण्यावरचा ताबा सुटत असेल व त्याचा मनास क्लेश होत असेल, तर तो हाच समजावा.

समाधानाची गोष्ट अशी की, उपचाराचा आरंभ घरीच करता येतो. ऑक्सफर्डचे डॉ. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी रोग्याने स्वतः वाचून आचरावे असे पुस्तक १९९५ मध्ये लिहिले. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शिकाही प्रौढांस प्रथम असाच, जाणकाराच्या आधाराने करावयाचा स्वोपचार सुचविते.

त्यासाठी हवी एक वही. खाल्लेले तेव्हाच टिपावे: वेळ, जागा, पदार्थ आणि त्या क्षणी मनात काय होते ते. वजन आठवड्यातून एकदाच पाहावे. पण खरी गुरुकिल्ली, आमच्या मते, वेळच्या वेळी खाण्यात आहे. तीन जेवणे, मध्ये दोन-तीन वेळा थोडे काही, हंगामात आपल्याच बागेतले संत्रे का होईना. दोहोंत चार तासांहून अधिक अंतर नको. उपाशी माणसाचे मन अन्नापाशीच घुटमळते, आणि कडक नियम जरासा मोडला की ‘आता मोडलाच’ म्हणून सारा बांध फुटतो. दुसऱ्या दिवशीचा उपवास त्या रात्रीच्या भुकेचीच तयारी करीत असतो. खाण्याची लहर आली तरी ती काही वेळाने ओसरते. तेवढा वेळ शेजारणीकडे जावे, बोलावे.

‘वडीलधाऱ्यांआधी सुनेने कसे खावे?’ असे काही घरी विचारतील. तेथे वहीचा उपयोग नाही. तेथे सासूबाईंनाच पुढे यावे लागेल.

मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी, गर्भवतींनी, खाल्ल्यावर मुद्दाम ओकारी काढणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना गाठावे. जीव नकोसा होत असेल तर मुळीच थांबू नये. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

वहिनींची वही आम्ही पाहिलेली नाही, पाहू मागतही नाही. गेल्या महालक्ष्म्यांना, नैवेद्यास पुष्कळ अवकाश असता, सकाळी नऊलाच त्यांच्यापुढे दूध आणि दोन केळी ठेवली, ती आमच्या मातोश्रींनी.