उभ्याने वल्हवावयाच्या फळीची निवड : स्थिरता आणि टिकाऊपणा

लांब दांड्याच्या एका वल्ह्याने, फळीवर उभे राहून पाणी कापीत जाण्याचा प्रकार हवाई बेटांतील लाटांवरील क्रीडेतून निघाला. लेअर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा यांच्यासारख्या तेथील क्रीडापटूंमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस तो बेटांबाहेर माहीत झाला. पुढे तलाव, खाड्या व संथ नद्या यांवर व्यायामाचे साधन म्हणून त्याचा प्रसार झाला. ही फळी इंग्रजी नावाने ‘पॅडलबोर्ड’ म्हणून ओळखली जाते. लाटांसाठी घडविलेली फळी आणि संथ पाण्यावरील व्यायामाची फळी यांचे गुण मात्र भिन्न असतात. हा भेद ध्यानी न घेता खरेदी केल्यास नवशिका पुन्हा पुन्हा पाण्यात पडतो आणि थोड्याच दिवसांत फळी अडगळीत जाते. म्हणून फळीची स्थिरता कशावर अवलंबून असते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

तरंगणाऱ्या वस्तूच्या स्थिरतेचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बुगेर याने १७४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नौकाशास्त्रावरील ग्रंथात मांडला. वस्तू किंचित कलली म्हणजे पाण्याचा उत्प्लावक रेटा कललेल्या बाजूस सरकतो. त्या रेट्याची रेषा वस्तूच्या मध्यरेषेस ज्या बिंदूत छेदते त्यास मेटासेंटर म्हणतात. हा बिंदू गुरुत्वमध्याच्या वर असेल तर वस्तू आपोआप सावरते. खाली असेल तर ती अधिकच कलते. या बिंदूची उंची फळीच्या लांबीच्या प्रमाणात, परंतु रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि एकूण भाराच्या व्यस्त प्रमाणात घटते. रुंदी ७६ सेंटिमीटरांवरून ८६ केली, तर वाढ जेमतेम १३ टक्के होते. पण सावरणारा परिणाम सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो.

एक उदाहरण घेऊ. फळी ३.२ मीटर लांब, ८१ सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर जाड आहे. तिचे वजन १० किलोग्रॅम आणि स्वाराचे ८० किलोग्रॅम आहे. पाण्याच्या पातळीवरील तिचा आकार लंबवर्तुळासारखा मानल्यास मेटासेंटर तळापासून सुमारे ९५ सेंटिमीटरांवर येतो. मध्यम उंचीच्या स्वारासह एकूण गुरुत्वमध्यही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असतो. याचा अर्थ असा की, फळी स्वतःहून ना सावरते, ना उलटते. तोल स्वाराच्या पायांनी, कमरेने व पाठीच्या स्नायूंनी क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. या व्यायामाचे मर्म हेच होय. गुडघ्यांवर बसताच गुरुत्वमध्य खाली येतो व फळी एकदम स्थिर वाटू लागते. नवशिक्याने आरंभ तसाच करावा हे त्यामुळे इष्ट ठरते.

यावरून निवडीचा पहिला दंडक निघतो : रुंदी स्वाराच्या वजनानुसार ठरवावी. १०० किलोग्रॅम वजनाच्या स्वारास वरील मेटासेंटर तेवढ्याच उंचीवर हवा असेल, तर त्याच लांबीच्या फळीची रुंदी सुमारे ८७ सेंटिमीटर असावयास हवी. मात्र गरजेपेक्षा रुंद फळी घेणे हितावह नाही. वल्हे मध्यरेषेपासून दूर पडते, प्रत्येक फटकाऱ्यास टोक वळते आणि तोल राखण्याचे श्रमही उरत नाहीत. घनफळाबाबत, तरंगण्यापुरते एकूण भाराच्या प्रत्येक किलोग्रॅमास एक लिटर पुरते; परंतु नवशिक्याने स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट लिटरांची फळी घ्यावी. म्हणजे काठ पाण्याच्या बराच वर राहतो. सरळ जाण्यासाठी लांबी व तळाचे मधले पाते उपयोगी पडते.

टिकाऊपणा हा द्रव्याचा व बांधणीचा प्रश्न आहे. फेसाळ पॉलिस्टायरीनच्या गाभ्यावर काचतंतू व इपॉक्सी राळेचे कवच चढविलेली फळी हलकी व ताठ असते. परंतु खडकावर आपटल्यास कवच तडकते आणि तडा न बुजविल्यास गाभ्यात पाणी शिरते. साच्यात घडविलेली पॉलिथिलीनची फळी मार सोसते, पण जड असते. फुगवण्याच्या फळीत वरचे व खालचे कापड असंख्य उभ्या धाग्यांनी जोडलेले असते. अशाच कापडाचा उपयोग गुडइयर कंपनीने १९५६ मध्ये फुगवून उडवावयाच्या विमानात केला होता. हवा भरल्यावर धागे ताणले जातात व पृष्ठ सपाट राहते. दाब समान असता, कापडास सुरकुती पडून फळी मध्ये मोडण्यापूर्वी ती जेवढा वाकविणारा जोर सोसते तो जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १० ऐवजी १५ सेंटिमीटर जाडीची फळी सव्वादोन पट जोर सोसते. कापड दुहेरी थराचे आहे काय व काठांचे सांधे नीट जोडलेले आहेत काय, हे खरेदीपूर्वी पाहावे.

तरीही आयुष्य निगेवर अवलंबून असते. वातावरणाहून सुमारे एक वातावरण अधिक दाब भरलेली फळी २७ अंश सेल्सिअसवरून ५७ अंशांपर्यंत तापल्यास तो अधिकचा दाब सुमारे एकपंचमांशाने वाढतो व सांध्यांवर ताण येतो. ती उन्हात ठेवण्याची वेळ आल्यास थोडी हवा सोडावी. वापरानंतर धुऊन, वाळवून सावलीत ठेवावी.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २००८ मध्ये लाटांच्या व पोहण्याच्या क्षेत्रांबाहेर या फळीची गणना नौकेत केली आणि तेथे तरणजाकीट बाळगणे आवश्यक झाले. नियम नसला तरी ही सावधगिरी योग्यच होय. वाऱ्यात हलकी फळी पडलेल्या स्वारापासून क्षणात दूर जाते. संथ पाण्यावर घोट्यास बांधलेली दोरी तिला हाताशी ठेवते. सारांश, सर्वसाधारण वजनाच्या प्रौढाने संथ पाण्यावरील व्यायामासाठी ८१ ते ८६ सेंटिमीटर रुंदीची, तीन मीटरांहून थोडी अधिक लांब फळी निवडावी. वाहून नेण्याची व ठेवण्याची अडचण असणाऱ्यास १५ सेंटिमीटर जाडीची, दुहेरी कापडाची फुगवण्याची फळी सोयीची पडते. पाण्याकाठीच जागा असणाऱ्याने कठीण कवचाच्या फळीचा विचार करावा.