मोजला म्हणून मानला

१८९५ च्या सप्टेंबरात उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक गावी शास्त्रज्ञांचं संमेलन भरलं आणि तिथे अणूवरून जोरदार वाजलं. अणूच्या बाजूने लुडविग बोल्ट्समान, समोर विल्हेल्म ओस्टवाल्ड आणि गेऑर्ग हेल्म. ओस्टवाल्डचं म्हणणं असं की खरी ती ऊर्जा. अणू ही सोयीसाठी केलेली कल्पना आहे, ती आता गुंडाळून ठेवावी. सभागृहात बसलेल्या झोमरफेल्ड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने पुढे या वादाची आठवण सांगितली आहे. त्याच्या मते ती बैल आणि तलवारबाज यांच्यातली झुंज होती, फक्त या वेळी बैल जिंकला. बैल म्हणजे बोल्ट्समान.

आज हे वाचताना आश्चर्य वाटतं ते निकालाचं नाही, तारखेचं. १८९५! डाल्टनचं पुस्तक येऊन ८७ वर्षं झाली होती, मेंडेलीव्हची आवर्तसारणी येऊन २६. आणि ओस्टवाल्ड म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हता. भौतिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी तो एक, आणि १९०९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. असा माणूस अणू नाकारतो तो अडाणीपणातून नव्हे. पुरावा मागण्याचा त्याचा हक्क होता आणि पुरावा खरोखरच अपुरा होता.

अणूचा विषय निघाला की आपल्याकडे कणाद येणारच, आणि यावेतही. कणादाच्या परंपरेतल्या वैशेषिकांचा युक्तिवाद फार देखणा आहे. पदार्थाचे तुकडे अनंत काळ करता आले, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा या दोघांचेही तुकडे अनंतच होतील. मग मेरू मोठा आणि मोहरी लहान हे म्हणायचं कशावरून? म्हणून विभागणी कुठेतरी थांबली पाहिजे. जिथे थांबते तो परमाणू. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि कवडशात तरंगताना दिसतो तो कण म्हणजे त्र्यणुक. ग्रीसमध्ये ल्युकिपस आणि डेमोक्रिटस यांनीही इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात विभागणीला असाच शेवट मानला होता. पण ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ हा सूर इथे लावू नये. परमाणू असलाच पाहिजे हे तर्काने सांगता येतं. तो केवढा, त्याचं वजन किती, चमचाभर पाण्यात असे किती, हे तर्काने कळत नाही. अणूचा खरा इतिहास या दुसऱ्या प्रश्नांपासून सुरू होतो.

ते प्रश्न पहिल्यांदा नीट विचारले जॉन डाल्टनने. इंग्लंडच्या कंबरलंड भागातल्या विणकराचा हा मुलगा, क्वेकर पंथाचा, शिकवण्या घेऊन पोट भरणारा. हवामानाचं वेड इतकं की १७८७ मध्ये सुरू केलेली नोंदवही १८४४ मध्ये मरेपर्यंत चालू होती. हवेतले वायू पाण्यात कमीजास्त का विरघळतात, या विचारातून तो अणूंच्या वजनाकडे वळला. १८०३ च्या ऑक्टोबरात मँचेस्टरच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळापुढे त्याने निबंध वाचला. पुढे छापला तेव्हा त्याला अणुभारांचा पहिला तक्ता जोडलेला होता. १८०८ मध्ये पुस्तक आलं. कार्बनचे दोन वायू घ्या: तेवढ्याच कार्बनला एकात जेवढा ऑक्सिजन लागतो, त्याच्या बरोबर दुप्पट दुसऱ्यात. दीडपट नाही, पावणेदोनपट नाही. पदार्थ अखंड असता तर हा हिशेब असा पूर्णांकात का बसावा?

पण याच हिशेबात एक भोक होतं. पाण्यात वजनाने हायड्रोजन १ तर ऑक्सिजन ८ भाग. (डाल्टनच्या पुस्तकात ७ आहे, त्याचे प्रयोग ओबडधोबडच असत.) यावरून ऑक्सिजनच्या अणूचं वजन ८ काढायचं की १६, हे पाण्याच्या कणात हायड्रोजनचे अणू एक की दोन यावर ठरणार. आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डाल्टनने सरळ ‘एकास एक’ धरलं, कारण तसं धरणं सर्वांत सोपं होतं. १८११ मध्ये अव्होगाड्रोने वायूंच्या आकारमानावरून यावर बरोबर तोडगा सुचवला, पण जवळजवळ अर्धशतक तो बाजूलाच पडून राहिला.

मग जे व्हायचं तेच झालं. १८२६ मध्ये रॉयल सोसायटीने डाल्टनला पदक दिलं, पण अध्यक्ष हम्फ्री डेव्हीने गौरव केला तो प्रमाणांच्या नियमाचा. अणू शिताफीने बाजूला ठेवले. पॅरिसमध्ये ड्यूमा १८३६ च्या व्याख्यानांत म्हणाला की माझ्या हातात असतं तर अणू हा शब्दच मी रसायनशास्त्रातून खोडून टाकला असता. केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात साध्या ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, प्रचारात असलेली १९ वेगवेगळी सूत्रं दिली आहेत. एका पदार्थाची १९ सूत्रं!

हा घोळ निस्तरण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहे इथे सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले. ठराव वगैरे काही झाला नाही, पण निघताना पावेझी नावाच्या इटालियन प्राध्यापकाने आपल्या मित्राची, काननिझारोची, एक पुस्तिका वाटली. अव्होगाड्रोचं म्हणणं मान्य केलं तर सगळे अणुभार कसे जुळतात, एवढंच तिच्यात होतं. लोथार मायरने ती वाचली आणि डोळ्यांवरची झापडं गळून पडली, असं त्यानेच लिहिलं. मेंडेलीव्हही तिथे होता. आवर्तसारणी पुढे नऊच वर्षांत आली.

म्हणजे रसायनशास्त्रज्ञांची वही जमली. पण वही जमणं वेगळं आणि माल गोदामात असणं वेगळं. १८६५ मध्ये व्हिएन्नाच्या लोश्मिटने रेणूच्या आकाराचा पहिला बऱ्यापैकी अंदाज दिला, मिलिमीटरचा सुमारे दहालाखावा भाग. तरी तो अंदाज एकाच वाटेने आलेला. आणि त्या वाटेवर पाऊल टाकतानाच रेणू आहेत असं गृहीत धरलेलं. त्याच व्हिएन्नात एर्न्स्ट माख म्हणत असे की अणू आहेत यावर माझा विश्वास नाही. एकाकी पडत चाललेल्या बोल्ट्समानने १८९८ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जवळजवळ मृत्युपत्रच लिहिलं: पुढे कधी लोक पुन्हा या विषयाकडे वळले, तर त्यांना सगळं नव्याने शोधावं लागू नये. ५ सप्टेंबर १९०६ रोजी त्रिएस्तजवळच्या दुइनो गावी त्याने आत्महत्या केली. विरोधकांनी त्याचा बळी घेतला, असं नाट्यमयपणे सांगितलं जातं. ते मला पटत नाही. त्याचं आजारपण आणि मनाचे चढउतार जुनेच होते. पण एक खरं. आणखी दोनच वर्षं थांबता तर आपण जिंकल्याचं त्याला दिसलं असतं.

जिंकवलं एका झाडाच्या चिकाने. गॅम्बोज नावाचा पिवळाधमक रंग चित्रकार वापरतात. आग्नेय आशियातल्या एका झाडाचा तो वाळलेला चीक. हे झाड गार्सिनिया वंशातलं, म्हणजे आपल्या कोकणातल्या रातांब्याचं भाऊबंद. पॅरिसमध्ये झाँ पेरँ या भौतिकशास्त्रज्ञाने हा चीक साबणाची वडी हातावर चोळावी तसा पाण्यात चोळला की पिवळं, दुधासारखं पाणी तयार होई. त्यात सूक्ष्म गोल कण तरंगत. पण सगळे एका मापाचे हवेत. म्हणून पाणी पुनःपुन्हा अपकेंद्री यंत्रात फिरवायचं आणि थर वेगळे करायचे. एक किलो चीक घेऊन कित्येक महिने खपल्यावर हाती आले हव्या त्या मापाचे कण: ग्रॅमचे काही दशांश.

हा उपद्व्याप कशासाठी? डोंगरावर हवा विरळ होत जाते. ऑक्सिजन साधारण ५ किलोमीटरवर निम्मा होतो. वायूचा रेणू जड तितका तो लवकर निम्मा व्हायचा. पेरँने विचार केला, पाण्यात तरंगणारे कणही पाण्याच्या रेणूंचे धक्के खात असतील, तर त्यांचंही असंच छोटं वातावरण बनलं पाहिजे. (धक्क्यांची ही नाचरी हालचाल वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनने १८२७ मध्ये परागांतल्या कणांत पाहिली होती, मग काजळी, काच, अगदी स्फिंक्सच्या दगडाच्या भुग्यातही. जिवंतपणाशी तिचा संबंध नाही एवढं त्याने सिद्ध केलं.) पेरँने मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी खोल डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि कण मोजायला घेतले. पण शेकडो नाचणारे ठिपके मोजणार कसे? त्याने पातळ पत्र्याला सुईने बारीक भोक पाडून तो नेत्रिकेत बसवला, म्हणजे एका वेळी पाच-सहाच कण दिसणार. ठरावीक वेळाने झडप उघडायची, एका नजरेत आकडा टिपायचा: दोन, दोन, शून्य, तीन. पुन्हा झडप. एका मालिकेत असे सुमारे १३,००० कण मोजले गेले. तळापासून ५, ३५, ६५ आणि ९५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचीवर कणांचं प्रमाण आलं १००, ४७, २२.६ आणि १२. सिद्धांत सांगत होता १००, ४८, २३ आणि ११.१.

एवढ्या दोन ओळींत शतकाचं भांडण मिटलं, असं मी म्हणेन. हवा ५ किलोमीटरवर निम्मी, कण ३० मायक्रॉनवर निम्मे. म्हणजे पाण्याची उचल वजा जाता एक कण ऑक्सिजनच्या रेणूच्या सोळा-सतरा कोटी पट जड. कणाचं वजन काढता येतं, मग रेणूचंही आलं. त्यावरून एका ग्रॅम हायड्रोजनमध्ये अणू किती, हेही आलं: ६८ वर २२ शून्यं. या संख्येला अव्होगाड्रोचं नाव द्यावं, ही सूचना पेरँचीच, १९०९ मधली. खुद्द अव्होगाड्रोने ती कधी काढली नव्हती.

आता शून्यं सोडून नुसता पुढचा आकडा बोलू. मॅक्स प्लांकला १९०० मध्ये तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून आला सुमारे ६२. रुदरफर्ड आणि गायगर यांना किरणोत्सर्गी कण मोजून आला तोही ६२ च्या आसपास. बर्नच्या पेटंट कचेरीतल्या आइन्स्टाइनने १९०५ मध्ये नाचऱ्या कणांचं गणित मांडलं: एक मायक्रॉनचा कण पाण्यात मिनिटाला सरासरी सहा मायक्रॉन सरकेल. ते पेरँच्या प्रयोगशाळेत खरं ठरलं. त्याच वर्षी त्याने साखरेच्या द्रावणावरून हाच आकडा काढला होता, तो मात्र २१ आला. नवी माहिती घेऊन सुधारला तरी ४१.५. पेरँच्या बांसलँ या विद्यार्थ्याचे चिकटपणाचे प्रयोग या गणिताशी जुळेनात. आइन्स्टाइनने हॉप्फ या सहकाऱ्याला गणित तपासायला सांगितलं, चूक सापडली आणि १९११ मध्ये आकडा ६५.६ झाला. पेरँने १९१३ च्या आपल्या पुस्तकात डझनभर वाटांचे आकडे एका तक्त्यात मांडले. आकाशाचा निळा रंग, वायूंचा चिकटपणा, विजेचा भार, रेडियम. सगळे ६० ते ७५ च्या दरम्यान. एकमेकांची तोंडओळखही नसलेले साक्षीदार एकच हकिकत सांगू लागले, तर न्यायाधीशाला निकाल द्यावाच लागतो.

ओस्टवाल्डने दिला. नोव्हेंबर १९०८ मध्ये पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने अणूचं अस्तित्व उघड मान्य केलं आणि त्यासाठी पेरँच्या प्रयोगांचा दाखलाही दिला. पुराव्यासमोर जाहीर मान तुकवणारा हा माणूस मला बोल्ट्समानइतकाच मोठा वाटतो. या सगळ्यात गंमत अशी की अणू सर्वमान्य होण्याआधीच तो फुटला होता. जे. जे. थॉमसनला इलेक्ट्रॉन १८९७ मध्येच सापडला. १९११ मध्ये रुदरफर्डने अणुकेंद्र दाखवलं, पण ती पुढची गोष्ट.

पेरँला १९२६ मध्ये नोबेल मिळालं. २० मे २०१९ पासून ती संख्या मोजायची राहिलेली नाही. तिची किंमत व्याख्येनेच कायम केली आहे आणि तिचा पुढचा आकडा, आपल्या हिशेबात, ६०.२२१४०७६. ती मुलांकडून पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती आहे: फळ्यावर तिच्याशेजारी पेरँचे चार आकडेही लिहा, १००, ४७, २२.६, १२, आणि ते कसे मोजले ते मुलांना सांगा.